गार्डन ट्रॅक्टरला बर्फासाठी कॅब बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर संपत आला की मिनेसोटा, मिशिगन, अपस्टेट न्यूयॉर्क, ओंटारिओ इकडच्या आपल्या लोकांचे मेसेज सुरू होतात. एक-दोन एकराचं घर घेतलंय, गवत कापायला ट्रॅक्टर आहे, त्याला पुढे स्नोब्लोअर (बर्फ उचलून लांब उडवणारं यंत्र) लावलाय किंवा लावायचाय, आता वरून कॅब बसवू का, कुठली घेऊ, आत हीटर टाकू का. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. वेळ असेल तर वरपासून वाचा, घाई असेल तर निदान ९, १० आणि १४ वाचल्याशिवाय कॅबला हात लावू नका, कारण ते तीन जिवाशी संबंधित आहेत.

१. कॅब म्हणजे नक्की काय आणि खरंच लागते का?

सीटभोवती उभी केलेली पाइपची चौकट, वर छप्पर, समोर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक, बाजूला दारं, बस. तिचं काम वारा आणि उडणारा बर्फ अडवणं एवढंच आहे, ऊब देणं तिच्याकडून अपेक्षित धरू नका. पण नुसता वारा अडला तरी केवढा फरक पडतो बघा: पारा उणे १० सेल्सिअस आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. म्हणजे हीटर नसतानाही कॅबने तुम्हाला १० अंश परत मिळवून दिले. शिवाय ब्लोअरने उडवलेला भुसभुशीत बर्फ वारा फिरला की सरळ तोंडावर येतो, चष्मेवाल्यांचे तर फार हाल होतात, तेही थांबतं.

तुमचा ड्राइव्हवे दोन गाड्यांपुरता आणि घरं दाटीवाटीने असतील तर कॅब नको, मागे चालत ढकलायचा ब्लोअर आणि चांगला पार्का पुरतो. लांब ड्राइव्हवे, आजूबाजूला उघडी शेतं, तळ्याकाठचा वारा असं असेल तर मात्र बसवाच.

२. माझ्याकडे साधा गवत कापायचा ट्रॅक्टर आहे, गार्डन ट्रॅक्टर नाही. चालेल का?

कापडी हलकी कॅब चालू शकते, पत्र्या-काचेची नको. दिसायला दोन्ही ट्रॅक्टर सारखेच दिसतात पण साध्या, म्हणजे लॉन ट्रॅक्टरची चेसी आणि मागचा गिअरबॉक्स हलका असतो. पुढे ब्लोअर, मागे वजनं, चाकांना साखळ्या आणि वर जड कॅब एवढं सगळं त्याच्यावर घातलं तर गिअरबॉक्स लवकर हात टेकतो. मॅन्युअलमध्ये स्नोब्लोअर किंवा बर्फ ढकलायचं ब्लेड लावायची परवानगी आहे का ते आधी बघा. ब्लोअरच चालत नसेल तर कॅबचा विचार सोडून द्या.

३. कापडी कॅब घ्यावी की पत्र्या-काचेची?

कापडी म्हणजे पाइपच्या फ्रेमवर जाड कापड किंवा व्हिनाइल, खिडक्यांना पारदर्शक व्हिनाइल, दाराला चेन नाहीतर वेल्क्रो. काहीशे डॉलरात येते, हलकी असते, दोघं मिळून उचलून बाजूला ठेवता येते. पत्र्याची घेतलीत तर समोर खरी काच, वायपर, बिजागरीची दारं मिळतात, पण किंमत हजारांत जाते आणि वजन एवढं की उतरवायला छताला टांगलेली कप्पी किंवा तीन-चार माणसं लागतात. मधला एक प्रकार आहे, छप्पर आणि समोरची काच कडक, बाजू कापडी. हिवाळ्यात बर्फ काढायचा आणि एप्रिलमध्ये परत गवत कापायचं असा ज्यांचा क्रम आहे त्यांना मी हा मधलाच सुचवतो, कारण काच खरी असली की वायपर चालतो (प्रश्न १२ बघा) आणि बाजू कापडी असल्या की वजन आवाक्यात राहतं.

४. 'युनिव्हर्सल' लिहिलेली कॅब खरंच कुठल्याही ट्रॅक्टरला बसते का?

नाही. युनिव्हर्सलचा अर्थ एवढाच की मापं कमी-जास्त करायला जागा ठेवली आहे. जॉन डिअर, कब कॅडेट, हस्कव्हार्ना, कुबोटा सगळ्यांचे मडगार्ड, डॅशबोर्ड आणि बॉनेट वेगळे असतात, आणि एकाच कंपनीच्या दोन सिरीजमध्येसुद्धा फरक असतो. ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन बसा आणि हे बघा: मडगार्डची बाहेरून बाहेर रुंदी, डॅशपासून सीटच्या पाठीपर्यंत अंतर, सीट सगळ्यात मागे सरकवल्यावर मागे किती जागा उरते, तुम्ही जाड कोट घालून टोपीसकट बसल्यावर डोकं कुठवर येतं. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून कोपर कुठे जातं, ब्लोअर वर-खाली करायचा लिव्हर पूर्ण ओढल्यावर कुठे येतो.

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात: शूट, म्हणजे ब्लोअरमधून बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं, फिरवायचा दांडा. ब्लोअरचं शूट हाताने फिरवायचं असेल तर त्याचा लांब दांडा पुढून डॅशच्या वरून तुमच्या हातापर्यंत येतो, म्हणजे तो समोरच्या काचेतून किंवा तिच्या बाजूने आत यायला हवा. कॅबला तशी खाच आहे का आणि ती तुमच्या दांड्याच्या बाजूला आहे का ते विचारूनच घ्या. खाचेला रबराची झालर लावली की वारा येत नाही. आणि बॉनेट कॅब न काढता उघडतं का? नसेल उघडत तर ऑइल बघायला दरवेळी अर्धी कॅब सोडावी लागेल, असली कॅब फुकट मिळाली तरी घेऊ नका.

५. गॅरेजच्या दारातून जाईल ना?

अमेरिकेतलं नेहमीचं गॅरेजचं दार ७ फूट उंच, म्हणजे ८४ इंच. बहुतेक कॅब त्याच्या आत बसतात पण जुन्या घरांची दारं कधीकधी बुटकी असतात, आणि दार पूर्ण उघडल्यावरही खालची कड चौकटीच्या थोडी खाली लोंबत राहते. म्हणून चौकट मोजू नका, दार उघडून त्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. चाकांच्या साखळ्या आणि छतावरचा पिवळा फिरता दिवा मिळून उंची आणखी वाढते. बागेतल्या शेडचं दार तर हमखास कमी पडतं. कॅब असलेला ट्रॅक्टर बाहेर ताडपत्रीखाली ठेवायचा बेत असेल तर छपरावर साचलेला ओला बर्फ रोज झाडावा लागेल, फ्रेम वाकते.

६. बसवायला किती वेळ लागतो? एकट्याने जमेल का?

कापडी असेल तर पहिल्या वेळी शनिवारची सकाळ धरा. एकट्याने फ्रेम जोडता येते, पण ती ट्रॅक्टरवर चढवताना दुसरं माणूस हवंच. काही गोष्टी कागदावर लिहिलेल्या नसतात त्या सांगतो.

कापड आणि खिडक्या आदल्या रात्री घरात आणून ठेवा. गारठलेलं व्हिनाइल पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि थोडं आकसतंही, मग शेवटची चेन काही केल्या लागत नाही आणि माणूस ओढून फाडतो. सुरुवातीला सगळे नट नुसते बोटाने लावा, पाना लावू नका. चौकट उभी राहिली, कापड चढलं, दोन्ही दारं नीट उघड-बंद झाली की मगच खालून वर घट्ट करत या. आधीच घट्ट केलंत तर शेवटचं भोक कधीच जुळत नाही. फ्रेम जिथे जिथे पत्र्याला टेकते तिथे मध्ये रबराची पट्टी द्या, नाहीतर रंग जातो, गंज धरतो आणि आवाजही दुप्पट होतो (प्रश्न १६). नट नायलॉनचे लॉकनट वापरा. पहिल्या बर्फानंतर परत एकदा पाना फिरवा, काही ना काही सैल झालेलं असतंच.

७. ट्रॅक्टरला भोकं पाडावी लागतात का? वॉरंटी जाईल का?

बऱ्याच कॅब यू-बोल्ट, क्लॅम्प आणि आधीपासून असलेल्या भोकांवर बसतात. काहींना मडगार्डमध्ये चार-सहा भोकं लागतात. पाडायच्या आधी खाली हात घालून बघा, मडगार्डखाली बहुतेक वेळा पेट्रोलची टाकी किंवा वायरिंग असतं. मडगार्ड प्लास्टिकचा असेल तर खालून रुंद लोखंडी पट्टी दिल्याशिवाय बोल्ट घालू नका, तो चिरतो. वॉरंटीचं म्हणाल तर डीलरला लेखी विचारा, तोंडी 'चालेल हो' वर जाऊ नका.

८. आत इलेक्ट्रिक हीटर लावता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून हिशोबच मांडतो. समजा इंजिनाचं चार्जिंग १५ अँपिअरचं आहे. ब्लोअर फिरवणारा इलेक्ट्रिक क्लच असेल तर तो साधारण ४ खातो. जुन्या पद्धतीचे २७ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे साडेचार. वायपर दोन-तीन. झाले ११ च्या आसपास. जे उरलं त्यातून गारठलेली बॅटरी भरायची आहे. आणि बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा १५० वॅटचा हीटर एकटाच साडेबारा मागतो. लावलात तर तासाभरात बॅटरी बसते, क्लच सुटायला लागतो, आणि तुम्ही ड्राइव्हवेच्या पार टोकाला असता. बरं एवढं करून मिळतं काय, घरातला रूम हीटर १५०० वॅटचा असतो, हा त्याच्या दहावा भाग, तोसुद्धा फटी असलेल्या कॅबमध्ये. नका लावू.

त्यापेक्षा स्वतःची बॅटरी असलेले गरम हातमोजे किंवा जॅकेट घ्या, ट्रॅक्टरच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. गरम सीट कव्हर लावायचं असेल तर आधी हेडलाइट एलईडी करा, तिथे वाचलेली वीज इकडे वापरता येते. इंजिन पाण्याने थंड होणारं असेल, मोठ्या गार्डन ट्रॅक्टरांत अशी काही मॉडेलं आहेत, तर गरम कूलंटची लाइन आत आणून छोटा रेडिएटर आणि पंखा लावता येतो आणि तो खरा हीटर, पण ते काम माहीतगाराकडून करून घ्या. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची गरम हवा कापडाने मागे वळवायची जुनी पद्धतही आहे. त्यात इंजिनाची हवा आत ओढणारी जाळी कुठेही झाकली जाता कामा नये, आणि त्या हवेबरोबर काय येऊ शकतं ते प्रश्न १० मध्ये वाचा.

९. मग छोटा प्रोपेनचा हीटर ठेवला तर?

नाही. कितीही थंडी असो, कितीही छोटा असो, 'इनडोअर सेफ' लिहिलेला असो, नाही. बंद जागेत ज्योत जळली की ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. कॅब एवढीशी असते की खोलीसाठी केलेले हिशोब तिथे लागू होत नाहीत. गुडघ्याशी ज्योत, अंगाला घासणारं व्हिनाइल, नायलॉनचा कोट, आणि काही ट्रॅक्टरांचं पेट्रोलचं झाकण सीटशेजारी मडगार्डवर. खड्ड्यात चाक गेलं आणि हीटर कलंडला तर दार उघडेपर्यंत उशीर झालेला असेल.

एवढ्यानेही पटत नसेल तर हे बघा: १ किलो प्रोपेन जळताना साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. ती सगळी वाफ समोरच्या गार काचेवर जाऊन गोठते, म्हणजे ऊब मिळाली तरी पुढचं दिसणार नाही.

१०. इंजिनाचा धूर आत येतो का? कसं ओळखायचं?

येऊ शकतो. इंजिन पुढे, सायलेन्सरचं तोंड पुढे नाहीतर बाजूला खाली, आणि तुम्ही त्याच्या मागे बसलेले. उघड्या ट्रॅक्टरवर वारा सगळं घेऊन जातो. कॅब लावली की पायाकडच्या फटीतून धूर आत शिरतो आणि तिथेच राहतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्यामुळे 'मला काही वास आला नाही' याला काही अर्थ नाही.

कॅब बसवायच्या आधी सायलेन्सर आणि त्याचं गॅस्केट तपासा, फट-फट आवाज येत असेल तर आधी ते बदला. इंजिनाच्या बाजूची, म्हणजे पेडलभोवतीची आणि डॅशखालची फट रबराने किंवा फोमने बंद करा, फोम गरम पत्र्याला टेकू देऊ नका. आणि मागची खिडकी कायम हातभर उघडी ठेवा. लोक नेमकं उलट करतात, मागचं सगळं बंद आणि पायाकडे भगदाड.

अलार्म लावा, पण घरातला काढून लावू नका. घरातले अलार्म साधारण ४ ते ३८ अंश सेल्सिअससाठी बनवलेले असतात, उणे १५ ला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. खोक्यावर शून्याखालचं तापमान स्पष्ट लिहिलेलं असेल असाच घ्या. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं यातलं काहीही झालं तर इंजिन बंद आणि तडक बाहेर मोकळ्या हवेत, 'एवढी एक फेरी मारतो' असं करू नका. बरं वाटेना तर ९११. आणि गॅरेजमध्ये 'जरा गरम होऊ दे' म्हणून ट्रॅक्टर चालू ठेवू नका, दार उघडं असलं तरीही.

११. काचेवर सारखी वाफ धरते, काय करू?

ती तुमच्या श्वासाची आणि बुटाला लागून आलेल्या बर्फाची. आधी मागची खिडकी उघडा, निम्मा त्रास तिथेच संपतो. चढताना बूट आपटून चढा, पायाखाली रबरी मॅट टाका आणि ती रोज झटका. ट्रॅक्टर गॅरेजमधल्या उबेतून एकदम बाहेर काढलात की पहिली पाच मिनिटं वाफ धरणारच, दारं उघडी ठेवून सुरुवात करा. एक छोटा १२ व्होल्टचा पंखा काचेकडे तोंड करून लावला तर तो फारशी वीज खात नाही. हे करूनही वाफ जात नसेल तर कॅबमध्ये हवा खेळत नाहीये असं समजा आणि प्रश्न १० परत वाचा.

१२. प्लास्टिकच्या काचेला वायपर लावू का? ओरखडे पडतात का?

व्हिनाइलवर वायपर चालतच नाही. साध्या पॉलिकार्बोनेटवर चालतो पण थोड्याच दिवसांत त्याच्या चापाचा धुरकट अर्धगोल उमटतो आणि रात्री लाइटमध्ये काही दिसत नाही. वायपर हवा असेल तर खरी सेफ्टी काच किंवा वरून कडक थर दिलेलं पॉलिकार्बोनेट घ्या. अ‍ॅक्रिलिक थंडीत ठिसूळ होतं, दगड लागला की तडकतं. घरातलं अमोनियावालं ग्लास क्लीनर प्लास्टिकवर मारू नका, ते पांढुरकं पडतं. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ कापड, कोरडं पुसायचं नाही. बर्फ खरवडायची पट्टी फक्त खऱ्या काचेवर.

१३. जादा लाइट लावले पण वायपर फिरत नाही किंवा लाइट मिणमिणतात, का?

छोट्या इंजिनांत बऱ्याचदा दोन वेगळ्या लाइनी असतात, एक बॅटरी भरायला जेमतेम ३ अँपिअर डीसी आणि दुसरी फक्त हेडलाइटसाठी ५ अँपिअर एसी. एसी लाइनवर जोडलेला वायपर फिरत नाही आणि एलईडी लुकलुकतो. इंजिन बंद केल्यावर हेडलाइट लगेच विझत असतील तर तुमचा ट्रॅक्टर बहुतेक असाच आहे. तिथे वायपरचा नाद सोडा आणि कामाचा लाइट स्वतंत्र बॅटरीवाला घ्या. ज्यांच्या इंजिनाचं चार्जिंग १५ अँपिअरचं आहे (प्रश्न ८) त्यांनी बॅटरीपासून वेगळी वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, आणि कॅब उतरवताना सुटेल असा वॉटरप्रूफ कनेक्टर असं करावं. लाइट छपराच्या कडेला फार पुढे लावू नका, पडत्या बर्फात उजेड डोळ्यांवरच परत येतो, कमरेच्या उंचीवरचा लाइट जास्त उपयोगी पडतो.

१४. ट्रॅक्टर उलटला तर कॅब वाचवेल ना?

नाही वाचवणार. हिवाळ्याच्या कॅबचे पाइप वारा आणि कापड पेलायला असतात, ट्रॅक्टरचं वजन पेलायला नाही. उलटताना संरक्षण देतो तो रोल बार, म्हणजे सीटमागची मजबूत लोखंडी कमान, आणि तो तपासणी होऊन कंपनीकडून आलेला असतो. कुबोटा बीएक्स किंवा जॉन डिअर १०२५आर सारख्या थोड्या मोठ्या ट्रॅक्टरांना तो मुळातच असतो. तसा असेल तर कॅब बसवण्यासाठी तो काढायचा नाही, दुमडून ठेवायचा नाही, त्याला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. त्याच्याबरोबर सीटबेल्ट लावायचाच. रोल बार नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र बेल्ट लावून स्वतःला बांधून घेऊ नका.

कॅबमुळे वजन वर जातं आणि बाजूचा वारा शिडासारखा लागतो, म्हणजे उतारावर ट्रॅक्टर आधीपेक्षा लवकर कलंडतो. मॅन्युअलमध्ये किती अंशाचा उतार चालतो ते दिलेलं असतं, कॅबसकट त्याच्याही आतच राहा. उतार आडवा कापू नका, सरळ वर-खाली जा. मागची चाकं साखळ्या आणि वजनांशिवाय पकडच घेत नाहीत, वजनं चाकाला किंवा मागच्या ब्रॅकेटला खाली लावा, कॅबमध्ये मागे वाळूच्या गोण्या ठेवून भागवू नका.

१५. आत अडकलो तर?

दोन्ही बाजूंनी बाहेर पडता आलं पाहिजे, एकाच दाराची कॅब मी कुणालाच सुचवत नाही. चेन गोठते, तिला हिवाळ्याआधी सिलिकॉन स्प्रे किंवा मेण चोळून ठेवा आणि जाड हातमोज्यात पकडता येईल अशी दोरी बांधा. काम करताना दार वेल्क्रोवर राहू द्या, चेन पूर्ण लावू नका. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते.

१६. आवाज फार घुमतो.

हो, घुमतो, पत्र्याच्या कॅबमध्ये तर जास्तच. ८५ डेसिबलच्या वर तास न् तास बसलं की कान जातात आणि गेलेले परत येत नाहीत. कानाला मफ लावाच, गाणी ऐकायचे इअरफोन म्हणजे मफ नव्हे. फ्रेमखाली रबर, छपराला आतून न पेटणारा फोम.

१७. शूट तुंबलं तर दरवेळी उतरावं लागतं, सीटखालचा स्विच बायपास करू का?

करू नका. तुम्ही उठलात की ब्लोअर थांबावा म्हणूनच तो स्विच आहे. कॅबमधून उतरणं अवघड असतं, कोट अडकतो, म्हणून माणसाला मोह होतो की इंजिन चालू ठेवून पटकन हात घालावा. ओला बर्फ असला की तुंबणारच. ब्लोअर बंद, इंजिन बंद, चावी खिशात, सगळं फिरायचं थांबलं की मग काठीने साफ करायचं, हाताने कधीच नाही. शूटला आतून सिलिकॉन मारून ठेवलं आणि इंजिन पूर्ण वेगात ठेवून ट्रॅक्टर हळू चालवला तर तुंबणं बरंच कमी होतं.

१८. कॅब बंद आहे, मग मुलीला मांडीवर घेऊन बसलं तर चालेल ना?

नाही. सीट एकाची आहे. तिचा पाय पेडलवर पडू शकतो, तुमचा हात लिव्हरपर्यंत पोचत नाही आणि कापडी दाराला टेकलेलं मूल दारासकट बाहेर जातं. ट्रॅक्टर चालू असताना मुलं घरात, आणि खिडकीतून दिसतील अशी.

१९. बाबा थंडीत इकडे आलेत, गावाकडे आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलाय, त्यांना चालवायला देऊ का?

बाबांना ट्रॅक्टर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो यात शंका नाही, पण अडचण पायांच्या सवयीची आहे. गावाकडचा महिंद्रा किंवा स्वराज म्हणजे डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. इकडच्या बऱ्याच हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरांना क्लच नाही, उजव्या पायाला पुढे जायचं आणि मागे जायचं अशी दोन पेडलं, ब्रेक डावीकडे. घाईत थांबायला उजवा पाय दाबला की ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी पळतो. म्हणून आधी कॅब आणि ब्लोअर न लावता, मोकळ्या सपाट जागेवर, बर्फ नसताना त्यांना हवा तेवढा वेळ चालवू द्या. पाय बसला की मग कॅब. आणि उणे तापमानात त्यांच्या बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

२०. जुनी कॅब स्वस्तात मिळतेय, घेऊ का? की घरीच बनवू?

जुनी घेताना कापड सगळ्यात शेवटी बघा, ते बदलता येतं. आधी ब्रॅकेट सगळे आहेत का ते बघा, कारण ते मॉडेलप्रमाणे बनवलेले असतात आणि नंतर शोधून मिळत नाहीत. मग पाइपच्या खालच्या टोकाला टोचणीने टोचून बघा, आतून गंजलेला पाइप बाहेरून रंग दिल्यावर कळत नाही.

घरी बनवणारे खूप जण आहेत आणि छान बनवतात. लाकडी चौकट आणि पॉलिकार्बोनेटचे पत्रे हा सोपा मार्ग. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करू नका, जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो, वेल्डच करायचं तर साधा काळा पाइप घ्या. ट्रॅक्टरवर ठेवून वेल्ड करायचं नाही, चौकट उतरवून बाहेर करा. प्रश्न १०, १४ आणि १५ घरच्या कॅबला जास्तच लागू आहेत.

२१. उन्हाळ्यात काढायचीच का?

हो. गवत कापताना झाडाच्या फांद्यांत अडकते, बाजूचं नीट दिसत नाही आणि आत भट्टी होते. कनेक्टर सोडा, वायरींना नंबरची पट्टी चिकटवा, बोल्ट परत आपापल्या भोकात लावून ठेवा. खिडक्यांची घडी घालू नका, पडलेली घडी कधीच जात नाही, गुंडाळून मध्ये जुनी चादर घाला. पूर्ण वाळल्याशिवाय ठेवलंत तर बुरशी येते. उंदीर फोम फार आवडीने कुरतडतात, जमिनीवर ठेवू नका.

२२. रस्त्यापलीकडे बर्फ उडवला तर कुणी काही म्हणेल का?

म्हणेल. ओंटारिओच्या हायवे ट्रॅफिक अ‍ॅक्टमध्ये परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकायला मनाई आहे, इतर अनेक ठिकाणीही असेच नियम आहेत. कॅबमध्ये बसलं की शूटमधून बर्फ कुठे पडतोय ते नीट दिसत नाही, म्हणून सुरुवातीला एकदा उतरून बघा. रस्ता ओलांडावा लागत असेल तर मागचा नारिंगी त्रिकोण (हळू चालणाऱ्या वाहनाची खूण) कॅबमुळे झाकला जात नाही ना तेही बघा. आणि खूप मोठं वादळ असेल तेव्हा बाहेरच पडू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला होता, तिथे गार्डन ट्रॅक्टर काहीच करू शकत नाही.

२३. हीच कॅब नाशिकला भावाच्या मिनी ट्रॅक्टरला पाठवू का? द्राक्षबागेत फवारणी करताना औषध अंगावर येतं.

कळकळ समजते, पण नका पाठवू. ही कॅब बर्फ अडवते, औषधाचे बारीक थेंब आणि वाफ अडवत नाही, ते फटीतून आत येतात आणि आतच कोंडतात, म्हणजे उघड्यापेक्षा वाईट. फवारणीसाठीची कॅब वेगळीच असते, चारी बाजूंनी सील केलेली, कार्बन फिल्टरमधून हवा आत ढकलणारी. शिवाय बाग मांडवावर असेल तर एवढी उंच कॅब खालून जाणारच नाही, घड आणि तारा दोन्ही तोडेल. आणि तिकडच्या उन्हात बंद व्हिनाइलमध्ये माणूस अर्धा तास बसू शकणार नाही.

त्याला औषधाच्या लेबलवर सांगितलेला फिल्टरवाला मास्क, पूर्ण बाह्यांचा फवारणीचा सूट, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा पाठवा, मास्कच्या फिल्टरचे जादा जोड सोबत द्या कारण ते बदलावे लागतात. फवारणी सकाळी लवकर, उडालेलं औषध वारा त्याच्यापासून लांब नेईल अशी ओळ धरून करायला सांगा. उन्हासाठी छत हवंच असेल तर मांडवाची सगळ्यात खालची तार जमिनीपासून किती उंच आहे ते त्याला मोजायला सांगा आणि तिथल्याच फॅब्रिकेटरकडून त्या मापाचं, काढता-घालता येणारं बनवून घ्या.